अणू न मानणाऱ्या प्राध्यापकाचा तास

२१ ऑक्टोबर १८९५ रोजी व्हिएन्ना विद्यापीठात सत्तावन्न वर्षांच्या एका भौतिकशास्त्रज्ञाने तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक म्हणून पहिलं व्याख्यान दिलं. अध्यासनाचं नाव दम लागेल इतकं लांब होतं: ‘तत्त्वज्ञान, विशेषतः विगामी विज्ञानांचा इतिहास आणि उपपत्ती’. विगामी म्हणजे निरीक्षणांवरून नियमाकडे जाणारी विज्ञानं, आपल्या भौतिक-रसायनासारखी. माणसाचं नाव अर्न्स्ट माख. लढाऊ विमानाचा वेग सांगताना बातमीत ‘मॅक दोन’ वगैरे येतं ना, तो मॅक म्हणजे हाच.

माखने त्याआधीची अठ्ठावीस वर्षं प्रागमध्ये प्रायोगिक भौतिकशास्त्र शिकवण्यात घालवली होती. पेटर झाल्शर या सहकाऱ्याबरोबर त्याने बंदुकीतून सुटलेल्या गोळीचे फोटो १८८७ साली प्रसिद्ध केले. गोळीपुढे हवेत उठणारी लाट त्यात लख्ख दिसते. डोळ्यांना प्रकाश-अंधाराच्या कडा जास्त ठळक का दिसतात, कानाच्या आत तोल कसा सांभाळला जातो, अशा गोष्टींवरही त्याचं काम होतं. अशा माणसाला तत्त्वज्ञान शिकवायला आणायचं, ही कल्पना ग्रीक विचारांचा मोठा इतिहासकार थिओडोर गोम्पेर्त्स याच्या घरातली. त्याच्या मुलाने, हाइन्रिखने, माखची पुस्तकं वाचली होती. त्याने वडिलांच्या मागे लकडा लावला आणि वडिलांनी विद्यापीठाच्या.

आमच्या कॉलेजात असा विषय आला असता, तर तो कोणाच्या वर्कलोडमध्ये धरायचा यावरून स्टाफरूममध्ये दोन तट पडले असते. भौतिकशास्त्रवाले म्हणाले असते, हे तत्त्वज्ञानाचं. तत्त्वज्ञानवाले म्हणाले असते, आम्हाला गणित येत नाही. आणि ‘सर, हे किती मार्कांना आहे?’ हा प्रश्न पहिल्याच तासाला आला असता. जन्मभर तालुक्याच्या गावी भौतिकशास्त्र शिकवलंय, म्हणून हे अंदाजाने बोलत नाही.

माखने पहिल्या व्याख्यानाला विषय घेतला तो शोधांमध्ये योगायोगाचा वाटा किती, हा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की योगायोग सगळ्यांच्याच वाट्याला येतात. फरक पडतो तो एवढाच, की एखाद्याला त्यातलं काहीतरी खटकतं, आणि खटकण्याइतकी त्याच्या मनाची मशागत आधीच झालेली असते. गंमत पाहा. या व्याख्यानाला तीन आठवडेही झाले नव्हते, तोच ८ नोव्हेंबरला व्युर्त्सबुर्गमध्ये राँटगेनला अंधाऱ्या खोलीत एक पडदा विनाकारण चमकताना दिसला. तो वापरत होता तशाच निर्वात नळ्या घेऊन युरोपभर कितीतरी जण काम करत होते. खटकलं राँटगेनला. आणि क्ष-किरणांची बातमी जगात पहिल्यांदा छापून आली ती व्हिएन्नाच्याच ‘डी प्रेसे’ या वर्तमानपत्रात, ५ जानेवारी १८९६ रोजी. माखच्या वर्गातल्या मुलांनी त्या सकाळी एकमेकांकडे कसं पाहिलं असेल, याची कल्पना करायला मला फार आवडतं.

त्या पहिल्या हिवाळी सत्रात माखने संशोधनाच्या मानसशास्त्रावर आणि तर्कशास्त्रावर व्याख्यानं दिली. पुढे त्यातूनच ‘ज्ञान आणि प्रमाद’ हे त्याचं पुस्तक तयार झालं, १९०५ साली. पण त्याची शिकवण्याची रीत समजून घ्यायची तर मागे, १८८३ सालच्या ‘यामिकी’कडे जावं लागतं. गतिशास्त्राचा इतिहास सांगणारं हे पुस्तक आहे, पण इतिहास सांगण्यामागे एक डाव आहे. नियम हातात घ्यायचा. तो पहिल्यांदा सुचला तेव्हा कोणासमोर कोणती अडचण होती ते शोधायचं. मग त्या वेळी नकळत आत आलेली आणि पुढे कोणी न तपासलेली गृहीतं एकेक करून बाहेर काढायची. पाठ्यपुस्तकात नियम येतो तो धुऊनपुसून, इस्त्री करून आलेला असतो. माख त्याची शिवण उसवून दाखवतो.

न्यूटनची बादली हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध प्रकरण. मी ते वर्गात सांगायचो आणि शक्य झालं तर करूनही दाखवायचो. कॉलेजच्या मागे एक जुनी विहीर होती. तिच्या कप्पीला सुंभाचा दोर बांधून, त्याला पीळ देऊन, अर्धी भरलेली बादली टांगायची. आमचे प्रयोगशाळा-परिचर, ज्यांना सगळं कॉलेज मामा म्हणायचं, ते बादली धरून उभे राहायचे आणि ‘सोडू का?’ असं विचारून सोडायचे. दोराचा पीळ उलगडू लागतो, बादली गरगर फिरते, पण पहिल्यांदा पाणी जागच्या जागी असतं आणि त्याचा पृष्ठभाग सपाट असतो. थोड्या वेळाने पाणीही बादलीबरोबर फिरू लागतं, मध्ये खोलगट होतं, कडेला चढतं. आता प्रश्न असा. सुरुवातीला पाणी आणि बादली यांच्यात सापेक्ष गती भरपूर होती, तेव्हा पाणी सपाट होतं. नंतर दोघं एकाच वेगाने फिरतात, म्हणजे एकमेकांच्या दृष्टीने स्थिर आहेत, तेव्हा पाणी खोलगट आहे. मग पाण्याला आपण फिरतोय हे कळतं कशावरून? बादलीवरून तर नाही.

न्यूटनने उत्तर दिलं होतं: निरपेक्ष अवकाशावरून. कशाशीही संबंध नसलेला, कशानेही न बदलणारा अवकाश आहे, आणि पाणी त्याच्या संदर्भात फिरतं. दोनशे वर्षं हे चाललं. माखने विचारलं, की बादलीभोवती पृथ्वी आहे, वर सगळ्या आकाशभर तारे आहेत, ते तुम्ही बाजूला केले होते का? पाणी त्यांच्या संदर्भात फिरतंय एवढंच आपल्याला दिसलेलं आहे. पातळ पत्र्याच्या बादलीचा परिणाम जाणवला नाही म्हणता, पण तिच्या भिंती कित्येक मैल जाड असत्या तर काय झालं असतं, हे कोणी सांगू शकेल का? ज्याचा अनुभव येऊ शकत नाही, त्याला पुराव्याच्या जागी बसवू नका, एवढाच त्याचा आग्रह होता.

एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं होतं, ‘सर, तारे काढून टाकले तर पाणी सपाट राहील?’ याचं उत्तर माखनेही दिलेलं नाही. अशा प्रयोगाबद्दल बोलायलाच तो तयार नव्हता. पण झ्युरिखमध्ये शिकणाऱ्या एका मुलाने मित्राच्या, मिकेले बेस्सोच्या, सांगण्यावरून हे पुस्तक वाचलं होतं. १९१६ मध्ये माख गेल्यावर मृत्युलेख लिहिताना त्या मुलाने, आइनस्टाइनने, हे ऋण मोकळेपणाने मान्य केलं. सापेक्षता सिद्धांताच्या अगदी उंबऱ्यापर्यंत माख येऊन पोचला होता, असं त्याचं मत होतं. म्हणजे निरपेक्ष अवकाशावर शंका घ्यायला शिकवणारा तास किती दूरवर पोचला ते बघा.

आणि हाच माणूस अणू मानायला तयार नव्हता.

आज हे वाचलं की हसू येतं, पण त्याची बाजू नीट ऐकायला हवी. माखच्या लेखी विज्ञान म्हणजे अनुभवांची काटकसरीने केलेली मांडणी. थोड्या वाक्यांत जास्तीत जास्त घटना बसवायच्या. अणू ही हिशेबाची सोय असेल तर खुशाल वापरा, पण ‘आहेत’ म्हणू नका. शिवाय त्याने इतिहास वाचला होता. उष्णता म्हणजे कॅलॉरिक नावाचा एक अदृश्य द्रव, यावर शहाण्यासुरत्या माणसांनी विश्वास ठेवला होता. जळण्यामागे फ्लॉजिस्टन असतं असं तीन-चार पिढ्या मानत होत्या. दोन्ही गेले. १८९५ साली अणूही तसाच एक न दिसणारा पाहुणा होता. रसायनशास्त्राचे हिशेब त्याने जुळत होते हे खरं, पण कॅलॉरिकनेही बरेच हिशेब जुळवले होते. कोणी अणूचा विषय काढला, की माख आपल्या ढंगात विचारायचा, तुम्ही पाहिलात का एखादा?

इतिहासाने त्याला शंका घ्यायला शिकवलं. कोणती शंका कधी सोडून द्यायची, हे मात्र इतिहास शिकवत नाही. माखच्या सगळ्या अध्यापनातली ही एकच मोठी फट आहे, असं मला वाटतं, आणि ती त्याच्यानंतर त्या व्यासपीठावर आलेल्या माणसाला भोवली.

तो माणूस लुडविग बोल्ट्झमन. बारावीच्या पुस्तकात वायूंच्या गतिज सिद्धांताच्या धड्यात k म्हणून जो स्थिरांक येतो, तो याच्या नावाचा. २०१९ पासून त्याचं मूल्य १.३८०६४९ × १०⁻²³ ज्यूल प्रति केल्व्हिन असं कायमचं ठरवून टाकलंय आणि तापमानाचं एकक त्यावरच बांधलंय. बोल्ट्झमनचं सगळं आयुष्य अणूंच्या बाजूने वकिली करण्यात गेलं. देवघरात उदबत्ती लावली की वास घरभर पसरतो आणि पुन्हा काडीच्या टोकाशी गोळा होत नाही. का होत नाही? बोल्ट्झमन म्हणाला, कण पसरण्याच्या तऱ्हा अगणित आहेत, एका जागी गोळा होण्याच्या अत्यंत थोड्या. निसर्गाला कोणतीही दिशा ठाऊक असायची गरज नाही, मोजदाद पुरेशी आहे. पण मोजायचे तर कण हवेत. अणू नाहीत म्हटलं की त्याचं घरच उठलं.

माखच्या पहिल्या व्याख्यानाच्या महिनाभर आधी, सप्टेंबर १८९५ मध्ये, ल्युबेकच्या संमेलनात बोल्ट्झमनची अणुविरोधकांशी जाहीर झुंज झाली. समोर होता विल्हेल्म ऑस्टवाल्ड, जो सगळं काही ऊर्जेवर भागवू पाहत होता. तिथे हजर असलेल्या झोमरफेल्ड या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने पुढे लिहून ठेवलं, की हा चपळ तलवारबाज विरुद्ध बैल असा सामना होता आणि या वेळी बैल जिंकला. बोल्ट्झमनची अंगकाठी पाहता उपमा चपखल आहे. पण जिंकलेल्या माणसाला आपण जिंकलोय असं कधी वाटलंच नाही. १८९७ मध्ये व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीत अशीच चर्चा रंगली असताना माखने घोळक्यातून एवढंच म्हटलं, की अणू आहेत असं मला वाटत नाही. ते एक वाक्य आपल्या डोक्यात घोळत राहिलं, असं बोल्ट्झमन स्वतः सांगतो. पुढच्याच वर्षी आपल्या वायुसिद्धांताच्या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडाला प्रस्तावना लिहिताना त्याला भीती वाटत होती, की हा सिद्धांत विस्मृतीत जाईल आणि पुढे कोणाला तरी तो नव्याने शोधावा लागेल.

१८९८ मध्ये रेल्वेच्या प्रवासात माखला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. तो डाव्या हाताने टंकलेखन करू लागला, पण वर्गात उभं राहणं अवघड झालं आणि १९०१ मध्ये त्याने पद सोडलं. सरकारने त्याला संसदेच्या वरिष्ठ सभागृहात नेमलं. सोबत मिळणारी सरदारकी त्याने नाकारली. कोळसा खाणीतल्या मजुरांचा दिवस नऊ तासांचा करण्याचं विधेयक आलं, तेव्हा हा अर्धांगवायू झालेला माणूस रुग्णवाहिकेतून सभागृहात गेला आणि बाजूने मत देऊन आला.

इथे जरा विषयांतर करतो. माखचं नाव मी भौतिकशास्त्राच्या तासाला ऐकलं नाही. पहिल्यांदा ऐकलं ते कामगार संघटनेत काम करणाऱ्या आमच्या एका शेजारच्या काकांच्या तोंडून, आणि तेही शिवीसारखं. रविवारी त्यांच्याकडे अभ्यासवर्ग चालायचा. लेनिनने १९०९ मध्ये माख आणि त्याच्या रशियन चाहत्यांवर एक आख्खं पुस्तक लिहिलं. वस्तू म्हणजे संवेदनांचे पुंजके असं म्हणणारा माणूस भांडवलदारांच्या सोयीचा चिद्वादी ठरतो, असा त्यातला आरोप. काकांना हे पुस्तक जवळजवळ पाठ होतं. खाणकामगारांसाठी माख असा मत द्यायला गेला होता, हे मी त्यांना बऱ्याच वर्षांनी सांगितलं. काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, ‘माणूस बरा असेल रे, पण ज्ञानमीमांसा वाईट.’ मला हे उत्तर आजही पुष्कळ तत्त्वज्ञांच्या उत्तरांपेक्षा चोख वाटतं.

माखने पद सोडल्यावर तत्त्वज्ञानाचा तास ओस पडला. बोल्ट्झमन लाइपझिगला जाऊन १९०२ मध्ये व्हिएन्नाला परतला होता, भौतिकशास्त्राच्या जागेवर. १९०३ पासून निसर्गाच्या तत्त्वज्ञानावरची व्याख्यानंही त्याच्याकडे सोपवली गेली. म्हणजे अणू न मानणाऱ्याच्या व्यासपीठावर अणूंचा कैवारी.

२६ ऑक्टोबर १९०३ चं त्याचं पहिलं व्याख्यान शहरात गाजलं. विद्यापीठातलं मोठ्यात मोठं सभागृह अपुरं पडलं. वर्तमानपत्रांनी दखल घेतली. खुद्द सम्राट फ्रान्झ योसेफने त्याला भेटीला बोलावून, तुमच्या तासाला फार गर्दी होते असं ऐकलं, म्हणून कौतुक केलं. बोल्ट्झमनने सुरुवातच आपली पात्रता नसल्याच्या कबुलीने केली होती. तत्त्वज्ञानाबद्दलची आपली जुनी अढी सांगताना त्याने एक किस्सा सांगितला. तरुणपणी भावाला घेऊन तो ग्रंथालयात ह्यूमचं पुस्तक मागायला गेला. पुस्तक होतं, पण इंग्रजीत, आणि बोल्ट्झमनला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं. भाऊ म्हणाला, यात हरकत काय? तू म्हणतोस तसं तत्त्वज्ञान असेल तर प्रत्येक शब्द वापरण्याआधी त्याची व्याख्या दिलेली असणारच. मग भाषा कोणती का असेना!

सभागृह हसलं असणार. पण पुढच्या आठवड्यांत गर्दी ओसरली. शहरातली हौशी मंडळी गेली, विद्यार्थी उरले, आणि बोल्ट्झमनला प्रत्येक तासाआधी धास्ती वाटू लागली. त्याच्या या व्याख्यानांच्या टिपणांचं पुस्तक १९९० मध्ये निघालं. ती टिपणं बरीचशी लघुलिपीत, तुटक आणि सतत मार्ग बदलणारी आहेत. एका बैठकीत संख्या म्हणजे काय, दुसरीत अवकाश, मग पुन्हा मागे. तो फ्लोरेन्समधल्या फ्रान्झ ब्रेंटानो या तत्त्वज्ञाला पत्रं लिहून शंका विचारत होता, आणि पुढे त्याला भेटायलाही गेला. साठीला आलेला जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ विद्यार्थी होऊन पत्रं लिहितो, हे मला भावतं. पण ऐकणाऱ्या मुलांचं त्याने पोट भरत नाही.

याच काळातलं त्याच माणसाचं भौतिकशास्त्राचं शिकवणं मात्र अप्रतिम होतं. साक्ष लीझ माइटनरची. तिने १९०२ ते १९०६ या काळात त्याचे तास ऐकले, आणि पुढे अणुकेंद्राच्या विखंडनाचा अर्थ लावणाऱ्यांत ती होती. तिच्या आठवणीत, मधल्या भल्यामोठ्या फळ्यावर तो मुख्य समीकरणं लिहायचा आणि बाजूच्या दोन लहान फळ्यांवर मधले हिशेब, म्हणजे तासाच्या शेवटी नुसत्या मधल्या फळ्यावरून सगळा तास पुन्हा मांडता यायचा. प्रत्येक तासानंतर एखादं नवंच जग दाखवून आणल्यासारखं वाटायचं. त्याची भौतिकशास्त्र संस्था ट्युर्केनश्ट्रासेवरच्या एका जुनाट भाड्याच्या इमारतीत होती. आत शिरायचं दार कोंबड्यांच्या खुराड्यासारखं होतं, आणि आग लागली तर आपल्यातले फारसे कोणी वाचणार नाहीत असं माइटनरला वाटायचं.

दोन्हीकडे एकच माणूस, मग फरक का? माझं मत असं. बोल्ट्झमनला अणू आहेत हे ठाऊक होतं. भौतिकशास्त्राच्या तासाला ते ठाऊक असणं ही ताकद होती, मागे वळून बघायची गरज नव्हती. तत्त्वज्ञानाच्या तासाला काम वेगळं असतं. तिथे ‘तुला हे कशावरून कळलं?’ या प्रश्नापाशी मुलांना थांबवून ठेवायचं असतं, आणि बोल्ट्झमनला तिथे क्षणभरही थांबवत नव्हतं, कारण तो प्रश्न त्याला वर्षानुवर्षं विरोधकांनी विचारलेला होता. उलट माखला त्या प्रश्नापाशी मुक्काम ठोकायला आवडायचं. अणूंबद्दल तो चुकला, आणि तास त्याचे जास्त चांगले झाले. एक चांगला शिक्षक आणि एक बरोबर असलेला माणूस यांच्यात निवडायची वेळ विद्यापीठावर आली, तर मी काय करीन, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बोल्ट्झमनच्या विनोदबुद्धीवर मात्र कोणाची मात नव्हती. जानेवारी १९०५ मध्ये व्हिएन्नाच्या तत्त्वज्ञान मंडळात बोलताना त्याने शोपेनहाउअर हा कसा निर्बुद्ध, अडाणी आणि लोकांचे मेंदू कायमचे नासवणारा भोंदू आहे, हे सिद्ध करणारं लांबलचक शीर्षक सुचवलं होतं. आयोजक अर्थातच घाबरले. मग ‘शोपेनहाउअरच्या एका प्रतिपादनाविषयी’ असं सौम्य नाव पडलं. बोल्ट्झमनने सभेत खुलासा केला, की ती विशेषणं शोपेनहाउअरचीच आहेत, त्याने ती हेगेलसाठी वापरली होती. त्याच वर्षी उन्हाळ्यात तो कॅलिफोर्नियात बर्कलीला व्याख्यानं द्यायला गेला. गावात दारूबंदी, आणि तिथल्या पाण्याने पोट बिघडलं. मग शेजारच्या ओकलंडहून वाइनच्या बाटल्या चोरून आणून तो जेवणानंतर गुपचूप घ्यायचा. हे सगळं त्याने स्वतःच प्रवासवर्णनात लिहिलंय.

५ सप्टेंबर १९०६ रोजी, ट्रिएस्टजवळ दुइनोला कुटुंबाबरोबर सुटीवर असताना, पत्नी आणि मुलगी पोहायला गेलेल्या असताना, त्याने गळफास घेतला. माखने, किंवा अणुविरोधकांनी, त्याला मारलं अशी एक गोष्ट विज्ञानप्रेमींच्या गप्पांत फार चालते. मला ती पटत नाही. दम्याचा त्रास, अधू होत चाललेली दृष्टी आणि वर्षानुवर्षं येणारे खिन्नतेचे झटके, हे सगळं त्याच्या मागे होतं. माख तर आपल्या खोलीत अर्धांगवायूने जखडलेला. आणि १९०६ पर्यंत अणूंची बाजू हरणारी राहिलीच नव्हती. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या थरथरीवरून रेणूंचा हिशेब कसा मांडायचा, हे आइनस्टाइनने १९०५ मध्येच दाखवलं होतं. दोन-तीन वर्षांत जां पेरँने पॅरिसमध्ये ते कण सूक्ष्मदर्शकाखाली अक्षरशः मोजले. तेव्हा ऑस्टवाल्डही वळला.

माख वळला का? व्हिएन्नाचा श्टेफान मायर सांगायचा, की किरणोत्सर्गी कण पडद्यावर आदळले की प्रत्येकाची वेगळी ठिणगी दिसते, ते उपकरण त्याने माखला दाखवलं, आणि माख म्हणाला, आता अणू आहेत असं मी मानतो. पण माखच्या नंतरच्या लेखनात हे कुठे दिसत नाही. त्याच्या मृत्यूनंतर, १९२१ मध्ये, छापलेल्या प्रकाशशास्त्रावरच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत तर सापेक्षतेलाही नकार आहे. गेरेऑन वोल्टर्स या जर्मन अभ्यासकाने १९८७ मध्ये कागदपत्रं मांडून असा दावा केला, की ती प्रस्तावना माखच्या मुलाने, लुडविगने, बनवून घातलेली आहे. ज्याने जन्मभर ‘पुरावा दाखवा’ म्हटलं, त्याच्याच शेवटच्या मतांचा पुरावा असा वादात सापडावा!

बोल्ट्झमनकडे शिकायला यायचं ठरवलेला एक सतरा वर्षांचा मुलगा त्याच्या मृत्यूमुळे बर्लिनला अभियांत्रिकीकडे गेला. त्याचं नाव लुडविग विटगेनस्टाइन. एर्विन श्रोडिंगर त्याच वर्षी व्हिएन्ना विद्यापीठात दाखल झाला आणि त्याला बोल्ट्झमन मिळाला तो त्याच्या वारसाच्या, हाझेनोर्लच्या, तासातून.

पुढची गोष्ट तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत भरपूर आहे, म्हणून भराभर सांगतो. माखच्या परंपरेतल्या त्या अध्यासनावर १९२२ मध्ये मोरिट्झ श्लिक आला. त्याने डॉक्टरेट माक्स प्लांककडे भौतिकशास्त्रात केली होती. १९२४ पासून दर गुरुवारी संध्याकाळी बोल्ट्झमनच्या नावाच्या रस्त्यावर, ५ क्रमांकाच्या इमारतीत, श्लिकभोवती एक गट जमू लागला. हान, नॉयराट, कार्नाप, आणि कोपऱ्यात बहुतेक वेळा गप्प बसणारा कुर्ट ग्योडेल. आपल्याकडे एम. ए. ला तार्किक भाववाद म्हणून ज्यांचा पेपर असतो, ते हेच व्हिएन्ना मंडळ. १९२८ मध्ये त्यांनी लोकांसाठी व्याख्यानं द्यायला जी संस्था काढली, तिला नाव दिलं माखचं. मंडळाच्या बैठका मात्र बोल्ट्झमनच्या रस्त्यावर.

२२ जून १९३६ रोजी सकाळी श्लिक तासाला निघाला असताना, विद्यापीठाच्या मुख्य इमारतीच्या जिन्यावर त्याच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने, योहान नेल्ब्योकने, त्याला गोळ्या घातल्या. नेल्ब्योक मनोरुग्णालयात राहून आलेला होता, त्याने आधीही धमक्या दिल्या होत्या. पण वर्तमानपत्रांतून जे लिहिलं गेलं ते जास्त भयंकर होतं. श्लिक ज्यू नसताना त्याच्या तत्त्वज्ञानाला ज्यू ठरवून, अशा नास्तिक शिकवणुकीचं फळ म्हणून खुनाचं समर्थन करणारे निघाले. खुन्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. नाझी आल्यावर, १९३८ मध्ये, तो सुटला. मंडळातले बहुतेक जण तोवर देश सोडून गेले होते किंवा जायच्या वाटेवर होते. आज त्या पायऱ्यांवर श्लिकच्या नावाची नोंद कोरलेली आहे.

युद्धानंतर व्हिएन्नात मंडळाचा जवळजवळ एकटाच उरलेला सभासद व्हिक्टर क्राफ्ट याच्याकडे युद्धात मणक्याला गोळी लागून कुबडी घेऊन चालणारा एक तरुण शिकत होता. पाउल फायराबेंट. तो भौतिकशास्त्र शिकताना वादविवाद करता करता तत्त्वज्ञानात शिरला, १९५१ मध्ये डॉक्टर झाला आणि पुढे बर्कलीला जाऊन प्राध्यापक झाला. विज्ञानाची एकच ठरीव पद्धत असते हे मतच त्याने १९७५ च्या पुस्तकात उधळून लावलं. काही काळ तो वर्गातल्या सगळ्यांना सरसकट ‘ए’ श्रेणी देत असे आणि वरिष्ठांची बोलणी खात असे. त्याने माखची बाजू मात्र आयुष्याच्या उत्तरार्धात जोरात घेतली. मंडळाने माखला नियमांचा कारकून करून ठेवलं, खरा माख संशोधकाच्या चुका, हुशारी आणि चाचपडणं यांत रमलेला आहे, असं त्याचं म्हणणं. ‘ज्ञान आणि प्रमाद’ वाचताना मला ते पटतं.

कोणाला वाचायची इच्छा झाली तर एक सांगून ठेवतो. ‘यामिकी’ पहिल्या पानापासून सुरू करू नका, तरफा आणि उतरणींतच दम निघेल. दुसऱ्या प्रकरणातला न्यूटनच्या काळ-अवकाशाचा भाग आधी काढा. बादली तिथे आहे. आणि बोल्ट्झमनचं वाचायचं असेल, तर ते कॅलिफोर्नियाचं प्रवासवर्णन.